नळ, गटार आणि लोकशाही

(अहिल्यानगर येथे कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात झालेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



समाजवादी कार्यकर्त्याला जागतिक भांडवलशाहीविषयी बोलायला सांगितले तर तो सहज तासभर बोलू शकतो. परंतु त्याच्याच गल्लीतील नळाला किती दिवसांनी पाणी येते, ते कोणत्या टाकीतून येते आणि त्या टाकीवरचा व्हॉल्व्हमन कोणाच्या शब्दावर चावी फिरवतो, असे विचारले तर तो पुष्कळदा निरुत्तर होतो. याचे कारण अज्ञान नव्हे. गटार, नळ, कचरा हे किरकोळ विषय असून खरे राजकारण मुंबईत किंवा दिल्लीत घडते, असा एक समज डाव्या चळवळीत खोलवर रुजलेला आहे. नगरसेवकपद ही आमदारकीच्या जिन्याची पहिली पायरी, एवढीच त्या पदाची किंमत बहुतेक पक्षांनी केली; आणि ज्यांना जिनाच चढायचा नव्हता त्या चळवळीतील माणसांनी पायरीकडेही पाठ फिरवली. परिणाम असा झाला की महानगरपालिकेचे सभागृह ठेकेदारांच्या हाती गेले.

डॉ. राममनोहर लोहिया यांनी चौखंबा राज्याची कल्पना मांडली तेव्हा खेडे, जिल्हा, प्रांत आणि केंद्र हे चारही खांब सारख्याच तोलाचे मानले होते. तळाचा खांब पोकळ राहिला तर वरच्या तीन खांबांवर उभे राहिलेले राज्य जनतेचे असत नाही. लोहियांनी कार्यकर्त्याच्या हाती फावडे, तुरुंग आणि मत अशी तीन साधने दिली. विधायक काम, सत्याग्रह आणि निवडणूक या तिन्हींचा मेळ ज्या पदावर रोजच्या रोज घालावा लागतो ते पद नगरसेवकाचे आहे. या अर्थाने पाहिले तर वॉर्डातील काम ही समाजवादी राजकारणाची प्राथमिक शाळा नसून त्याची कसोटी आहे.

या कसोटीला उतरलेले सर्वांत ठळक उदाहरण मृणाल गोरे यांचे. राष्ट्र सेवा दलाच्या संस्कारात वाढलेल्या या तरुणीने वैद्यकीय शिक्षण अर्धवट सोडले आणि केशव गोरे यांच्यासह गोरेगावात कामाला सुरुवात केली. गोरेगावला तेव्हा ग्रामपंचायत होती. १९५७ साली हे उपनगर मुंबई महापालिकेच्या हद्दीत आले आणि १९६१ साली मृणालताई महापालिकेवर निवडून गेल्या. हद्द वाढली तरी नळ आले नव्हते. कर मात्र शहराचा आणि सोयी मात्र खेड्याच्याही नव्हेत, अशी या भागाची अवस्था होती. मृणालताईंनी पाण्याचा प्रश्न हाती घेतला आणि बायकांना संघटित करून तो महापालिकेच्या दारात नेला. ‘पाणीवाली बाई’ हे नाव त्यांना मिळाले ते यातून.

या कामाचे वैशिष्ट्य नीट समजून घेतले पाहिजे. वजन खर्च करून आपल्या मतदारांपुरती एखादी जलवाहिनी मिळविणे कोणत्याही चलाख नगरसेवकाला जमते. मृणालताईंनी पाणी मागायला बायकांनाच पुढे उभे केले. परिणामतः नळ आला तो कोणाच्या कृपेने नव्हे, तर आपल्या हक्काने आला, ही जाणीव वस्तीत निर्माण झाली. ज्या स्त्रिया हंडा घेऊन रस्त्यावर आल्या होत्या, त्याच १९७२ साली महागाईविरुद्ध लाटणे घेऊन आल्या. त्याच वर्षी मृणालताई विधानसभेवर निवडून गेल्या आणि १९७७ साली लोकसभेवर. पुढे नागरी निवारा परिषदेच्या द्वारे, १९७६ च्या नागरी जमीन कमाल धारणा कायद्याखालील अतिरिक्त जमीन सामान्यांच्या घरांसाठी मिळावी म्हणून त्यांनी आणि बाबूराव सामंत यांनी झुंज दिली व गोरेगाव परिसरात हजारो घरे उभी राहिली. नळापासून महागाईपर्यंत आणि महागाईपासून जमिनीच्या मालकीपर्यंत हा सरळ चढत गेलेला रस्ता आहे. स्थानिक प्रश्न लहान असतो हे खरे. पण त्याचे मूळ शोधत गेले की ते मालमत्तेच्या व्यवस्थेपर्यंत जाऊन पोहोचते. नगरसेवकाने ते मूळ शोधायचे की वरवरची पाने छाटायची, एवढाच प्रश्न आहे.

आता या शहराकडे वळावे. समाजवादी चळवळीचे नगरशी असलेले नाते जुने आहे. अच्युतराव व रावसाहेब पटवर्धन या बंधूंचे हे गाव. मधू दंडवते यांचा जन्म येथला. आणि १९४२ नंतर नगरच्या किल्ल्यात जे राष्ट्रीय नेते बंदिवासात होते त्यांत पंडित नेहरूंच्या बरोबरीने आचार्य नरेंद्र देव होते. परंतु वारसा हा मिरविण्यासाठी नसतो, चालविण्यासाठी असतो. येथील नगरपालिका १८५४ साली स्थापन झाली. म्हणजे नगरला पौढ लोकसंस्थेची जवळजवळ पावणेदोनशे वर्षांची परंपरा आहे. ३० जून २००३ रोजी तिची महानगरपालिका झाली. २०२४ साली शहराला अहिल्यादेवींचे नाव मिळाले. चौंडी हे त्यांचे जन्मगाव याच जिल्ह्यातले. विहिरी, बारवा आणि घाट बांधणारी राज्यकर्ती म्हणून देशभर जिची ख्याती आहे, तिचे नाव धारण करणाऱ्या शहराने आपल्या पाण्याचा हिशेब तरी चोख ठेवावा, ही अपेक्षा गैर म्हणता येणार नाही.

पाण्याच्या बाबतीत या शहराला पूर्वपुण्याई आहे. निजामशाहीच्या काळात कापूरवाडी, वडगाव, भिंगार अशा आसपासच्या उंच जागांवरून खापरी नळांनी पाणी शहरात खेळविले होते. ते पाणी उताराने येई, त्याला इंधन लागत नसे. आज शहराचे पाणी राहुरी तालुक्यातील मुळा धरणातून येते. मुळानगर आणि विळद येथे पंपांनी उपसून ते शहराकडे चढवावे लागते आणि वसंत टेकडीच्या टाक्यांतून वाटावे लागते. म्हणजे नगरच्या प्रत्येक हंड्यात पाण्याबरोबर वीजही भरलेली असते. वीज गेली की पंप थांबतो, पंप थांबला की टाकी भरत नाही, टाकी भरली नाही की वाटपाचे वेळापत्रक कोलमडते. आणि ते कोलमडले की शेवटच्या टोकाची वस्ती कोरडी राहते. वाहिनीच्या सुरुवातीला कोण राहते आणि शेवटी कोण राहते हा भूगोलाचा प्रश्न वाटतो. वस्तुतः तो अर्थशास्त्राचा प्रश्न आहे. ज्याच्याकडे जमिनीखाली मोठी टाकी आणि विजेची मोटर आहे, त्याला अर्धा तास पाणी आले तरी आठवड्याची बेगमी होते. ज्याच्याकडे दोन पिंपे आहेत, त्याचा तोच अर्धा तास धावपळीत संपतो.

असमानता सरकारी मापदंडातच कशी लपलेली असते, पाहा. पाणीपुरवठ्याच्या केंद्रीय निकषांनुसार भुयारी गटारे असलेल्या शहरात माणशी दररोज १३५ लिटर पाणी धरले जाते, गटारे नसतील तेथे ७० लिटर आणि सार्वजनिक नळावर पाणी भरणाऱ्यांसाठी ४० लिटर. म्हणजे घरात नळ नाही या एकाच कारणाने गरिबाची तहानही एक तृतीयांशाहून कमी मानली जाते. पाच माणसांच्या कुटुंबाला ४० लिटरप्रमाणे दिवसाला २०० लिटर लागतात. पंधरा लिटरचा हंडा धरला तर तेरा-चौदा खेपा होतात. या खेपा कोण घालते? घरी बसून विड्या वळणारी बाई घालते. विडी कामगाराची मजुरी हजार विड्यांवर ठरते. नळापाशी गेलेला प्रत्येक तास तिच्या सुपातल्या विड्या कमी करतो आणि तिच्या मजुरीतून वजा होतो. ही वजावट महापालिकेच्या कोणत्याही अर्थसंकल्पात दिसत नाही. ‘पाणीपट्टी परवडत नाही’ असे ज्यांच्याविषयी म्हटले जाते, ते पाण्याची सर्वांत महाग किंमत आधीच वेळेच्या रूपाने मोजत असतात. नगरसेवकाच्या कामाचा आरंभ हा अदृश्य हिशेब दृश्य करण्यापासून झाला पाहिजे.

यावर नेहमीचे उत्तर असे येते की महापालिकेकडे पैसाच नाही, तेथे नगरसेवक काय करणार? हे उत्तर अर्धसत्य आहे आणि म्हणूनच ते तपासून घ्यावे. महापालिकांच्या उत्पन्नाचा मुख्य आधार जकात हा होता. जकातीत दोष पुष्कळ होते. नाक्यावरची लाचलुचपत सर्वांच्या परिचयाची होती. तरीही तो कर संस्थेचा स्वतःचा होता. २०१० पासून मुंबई वगळता इतर महापालिकांत टप्प्याटप्प्याने जकातीच्या जागी स्थानिक संस्था कर आला. १ ऑगस्ट २०१५ पासून बहुसंख्य व्यापाऱ्यांना त्यातून मुक्त करण्यात आले. १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर लागू झाला आणि महापालिका राज्य सरकारकडून येणाऱ्या अनुदानाच्या हप्त्यावर येऊन पडल्या. हातात उरली ती प्रामुख्याने मालमत्ता कर व पाणीपट्टी. कर बसविण्याचा अधिकार जातो तेव्हा केवळ पैसा जात नाही, स्वाभिमानही जातो. शहराने काय करावे हे शहर ठरवीत नाही. निधी ज्या शीर्षाखाली वरून येईल ते काम केले जाते. मग रस्त्यासाठी निधी आला की गळकी जलवाहिनी तशीच ठेवून तिच्यावर काँक्रीट ओतले जाते आणि पुढल्या वर्षी वाहिनीसाठी निधी आला की तेच काँक्रीट फोडले जाते. नव्या कामाचे उद्घाटन होते, फलक लागतो, ठेका निघतो. देखभालीचे उद्घाटन होत नाही. म्हणून देखभालीला पैसा नसतो.

अशा व्यवस्थेत नगरसेवकाचे रूपांतर अर्जदारात होते. तो आमदाराकडे निधी मागतो, आमदार मंत्र्याकडे मागतो आणि नागरिक नगरसेवकाकडे मागतो. ही याचनेची साखळी आहे आणि तिच्या प्रत्येक कडीवर उपकाराचा शिक्का आहे. गल्लोगल्ली ‘अमुक यांच्या प्रयत्नातून व निधीतून’ असे फलक दिसतात. तो निधी नागरिकांच्या कराचा असतो. मालकाला त्याचीच वस्तू भेट देऊन त्याच्याकडून आभार घ्यावेत, असा हा प्रकार आहे. समाजवादी नगरसेवक आणि इतर नगरसेवक यांतील पहिला फरक येथे दिसला पाहिजे. दुसऱ्याच्या फलकापेक्षा मोठा फलक लावणे हे त्याचे उत्तर होऊ शकत नाही. कामाचा अंदाजित खर्च, ठेकेदाराचे नाव, कामाची मुदत आणि दोष निघाल्यास दुरुस्तीची जबाबदारी कोणाची, एवढे चार तपशील कामाच्या जागी लिहिले गेले तर तो फलक लोकशिक्षणाचा होईल.

कायद्याचे हात अगदीच बांधलेले नाहीत, हेही लक्षात घ्यावे. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमानुसार कार्यकारी अधिकार आयुक्ताकडे असले तरी प्रशासनाला प्रश्न विचारण्याचा अधिकार नगरसेवकाला आहे. अर्थसंकल्प स्थायी समितीतून आणि सर्वसाधारण सभेतून जातो. महापालिकेच्या ठेक्यात प्रत्यक्ष वा अप्रत्यक्ष हितसंबंध असलेला माणूस सदस्य राहण्यास अपात्र ठरतो. हे कलम जर खरोखर अमलात आले तर कित्येक शहरांतील सभागृहे अर्धी रिकामी होतील, असे विनोदाने म्हटले जाते. पण हा विनोद लोकशाहीला परवडणारा नाही. महिला व बालकल्याणासाठी आणि दिव्यांगांसाठी अर्थसंकल्पाचा ठरावीक हिस्सा खर्च करण्याचे बंधन आहे. तो कशावर खर्च झाला, हा प्रश्न सभागृहात दरवर्षी विचारला जावा. त्यासाठी बहुमत लागत नाही, अभ्यास लागतो.

परंतु एका नगरसेवकाच्या अभ्यासाने संस्था बदलत नाही. तिला लोकांचा आधार हवा, आणि येथे या जिल्ह्यातील एक मोठी विसंगती समोर येते. राळेगणसिद्धी आणि हिवरे बाजार ही दोन्ही गावे याच जिल्ह्यातली. हिवरे बाजार तर नगर तालुक्यातच आहे. तेथे १९८९ नंतर पोपटराव पवार यांच्या नेतृत्वाखाली ग्रामसभेने पाण्याचा ताळेबंद मांडण्याची पद्धत पाडली. किती पाऊस पडला, जमिनीत किती मुरला, पिण्याला किती राखायचे आणि उरलेल्यातून कोणती पिके घ्यायची हे गाव एकत्र बसून ठरवते. उसासारख्या तहानलेल्या पिकाला आणि शेतीसाठी खोल विंधन विहिरीला तेथे मज्जाव आहे. हे पाहायला देशभरातून माणसे येतात. त्याच गावापासून काही कोसांवर असलेल्या शहरातील नागरिकाला मात्र आपल्या प्रभागाचे पाणी कोणत्या हिशेबाने वाटले जाते हे विचारण्याची जागाच नाही. खेड्यातील मतदाराला ग्रामसभा आहे. तोच मतदार पोट भरायला शहरात आला की त्याची सभा हिरावली जाते आणि त्याच्या हाती फक्त पाच वर्षांनी एकदा दाबायचे बटण उरते.

वास्तविक तशी तरतूद आहे. ७४ वी घटनादुरुस्ती १ जून १९९३ पासून अमलात आली. तीन लाख वा त्याहून अधिक लोकसंख्येच्या शहरांत प्रभाग समित्या असाव्यात, असे तिने सांगितले. २०११ च्या जनगणनेत नगर शहराची लोकसंख्या साडेतीन लाखांच्या घरात होती. २००९ साली महाराष्ट्राने कायद्यात दुरुस्ती करून क्षेत्रसभेची तरतूद केली. काही मतदान केंद्रांच्या परिसरातील सर्व मतदारांची ही सभा. नगरसेवकाने ती बोलवायची, तिचे अध्यक्षपद भूषवायचे आणि कामांचा अग्रक्रम तिच्यात ठरवायचा, अशी ती कल्पना. परंतु राज्यातील शहरांत क्षेत्रसभा कागदावरच राहिली. सरकारला ती नको होती, आयुक्तांना ती गैरसोयीची होती आणि नगरसेवकांना ती धोक्याची वाटली. कारण जो अग्रक्रम सभा ठरवते तो नगरसेवकाच्या मर्जीने बदलता येत नाही. चार सदस्यांच्या प्रभागाने या गोंधळात भर घातली. २०१८ च्या निवडणुकीत नगरमध्ये १७ प्रभाग आणि ६८ सदस्य होते. नागरिकाने तक्रार घेऊन जायचे कोणाकडे? चौघे मिळून जबाबदार म्हणजे व्यवहारात कोणीच जबाबदार नाही.

त्याहून गंभीर गोष्ट त्यानंतर घडली. २०१८ मध्ये निवडून आलेल्या सभागृहाची मुदत डिसेंबर २०२३ मध्ये संपली आणि महापालिका प्रशासकाच्या हाती गेली. मुदत संपण्यापूर्वी निवडणूक झाली पाहिजे, असे राज्यघटनेचे २४३-यू हे कलम सांगते. इतर मागासवर्गीयांचे आरक्षण आणि प्रभागरचना यांच्या वादात राज्यातील बहुतेक महापालिकांच्या निवडणुका वर्षानुवर्षे लांबल्या. सर्वोच्च न्यायालयाला मे २०२५ मध्ये आदेश द्यावा लागला. आणि शेवटी १५ जानेवारी २०२६ रोजी २९ महापालिकांसाठी मतदान झाले. दोन वर्षे नगर शहराचा कर, खर्च आणि ठेके यांवर एकाही निवडून आलेल्या माणसाची सही नव्हती. खेदाची गोष्ट अशी की यासाठी शहरात मोठे आंदोलन झाले नाही. कित्येकांना तर फरकच जाणवला नाही. नगरसेवक नसल्याचे ज्या नागरिकाला दुःख होत नाही तो लोकशाहीचा शत्रू नव्हे. असलेल्या नगरसेवकांनी त्याला जो अनुभव दिला त्याचा तो साक्षीदार आहे. ही साक्ष खोटी ठरविणे हे आता निवडून आलेल्यांचे आणि न आलेल्या कार्यकर्त्यांचेही काम आहे.

हे काम न केल्यास काय होते, तेही स्पष्ट सांगितले पाहिजे. पाण्याच्या प्रश्नाला पाण्याचे उत्तर मिळेनासे झाले की त्याला दुसरीच उत्तरे पुरविली जातात. आपल्या वस्तीला पाणी कमी का, याचे कारण टाकीच्या क्षमतेत आणि वाहिनीच्या गळतीत न शोधता पलीकडच्या वस्तीत राहणाऱ्यांच्या धर्मात किंवा जातीत शोधायला शिकविले जाते. दोन्ही वस्त्यांची पिंपे रिकामीच राहतात, पण भांडण मात्र भरभरून मिळते. वाटपाचे वेळापत्रक भिंतीवर जाहीरपणे लावलेले असेल तर अशा अफवेचा निम्मा जोर तेथेच संपतो. धर्मनिरपेक्षतेवर व्याख्याने जरूर द्यावीत; परंतु व्हॉल्व्हची वेळ सर्वांना कळेल अशी लिहून लावणे हेही धर्मनिरपेक्षतेचेच काम आहे.

तेव्हा कार्यकर्त्यांनी काय करावे? पहिली गोष्ट, प्रत्येक प्रभागाची नोंदवही ठेवावी. नळ, शौचालये, दिवे, गटारे, शाळा, दवाखाना यांची संख्या आणि स्थिती तारखेसह लिहावी. पाणी केव्हा आले व किती वेळ आले याची नोंद वस्तीतील स्त्रियांकडून करून घ्यावी. दुसरी, सरकार क्षेत्रसभा बोलवीत नसेल तर ती लोकांनी बोलवावी. महिन्यातून एकदा ठरलेल्या दिवशी चौकात सभा व्हावी, नगरसेवक कोणत्याही पक्षाचा असो त्याला निमंत्रण जावे, तो आला नाही तर त्याची खुर्ची रिकामी ठेवावी. तिसरी, फेब्रुवारी-मार्चमध्ये अर्थसंकल्पाचे जाहीर वाचन करावे आणि नव्या कामावर किती, देखभालीवर किती एवढी एकच तुलना लोकांपुढे मांडावी. चौथी, शहर झाडणाऱ्या कंत्राटी कामगाराला किमान वेतन, हातमोजे आणि भविष्यनिर्वाह निधी मिळतो की नाही हा प्रश्न स्वच्छतेच्या प्रश्नापासून वेगळा काढू नये. ज्या शहराची स्वच्छता एखाद्याच्या बुडविलेल्या मजुरीवर उभी आहे ते स्वच्छ म्हणवून घेण्यास पात्र नाही. पाचवी, २०११ पासून निम्म्या जागा स्त्रियांसाठी राखीव आहेत. तेथे नगरसेविकेऐवजी तिचे पती कारभार पाहत असतील तर त्यांना नम्रपणे घरी पाठवावे आणि नगरसेविकेला वस्तीतील बायकांचे बळ द्यावे. मृणालताईंच्या मागे कोणतेही घराणे नव्हते. हंडे घेतलेल्या बायका होत्या.

यातील एकही काम सत्तेवर अवलंबून नाही. यातील एकाही कामाला वर्तमानपत्रात मोठा मथळा मिळणार नाही. ते कंटाळवाणे आहे, रोजचे आहे आणि त्यात टाळ्या नाहीत. परंतु ज्या वस्तीला आपल्या नळाचा हिशेब मागता येतो तिला उद्या रेशनचा, शाळेचा, मजुरीचा आणि जमिनीचाही हिशेब मागता येईल. गोरेगावच्या बायकांनी हे एकदा करून दाखविले आहे. नगरच्या बायकांचे हंडेही तेवढेच जड आहेत. कार्यकर्त्यांनी त्यांच्या रांगेत जाऊन उभे राहायचे आहे.